सिलोग

मनिलातल्या साध्या खाणावळींच्या पाट्यांवर ‘तापसिलोग’, ‘लाँगसिलोग’, ‘बांगसिलोग’ असे शब्द दिसतात. शेपूट तेच, डोकं बदलतं: तापा म्हणजे मुरवून तळलेलं गोमांस, लाँगानीसा हे सॉसेज, बांगुस हा मासा. शेपटातच खरी गंमत आहे. ‘सिनांगाग’ म्हणजे लसणीवर परतलेला भात आणि ‘इतलोग’ म्हणजे अंडं, यांचा तो जोड. सिनांगागची घडण मला फार आवडते. मूळ धातू ‘सांगाग’, म्हणजे भाजणं, परतणं. त्याच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ शिरतो आणि ‘परतलेलं’ असा अर्थ होतो. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो. या शब्दांच्या तागालोग भाषेत तो असा पोटातही शिरतो. म्हणजे ‘सिलोग’मधल्या ‘सि’त मूळ धातूचा उरलाय फक्त ‘स’!

सिनांगागला ताजा भात चालत नाही. रात्रीचा उरलेला, गार, मोकळा भात लागतो. त्याला ‘बाहाव’ असा वेगळा शब्दच आहे. आपल्या फोडणीच्या भाताचं हे सख्खं भावंड. परदेशात राबणाऱ्या कितीतरी फिलिपिनो माणसांना घर आठवतं ते तेलात तांबूस होणाऱ्या लसणीच्या वासानं. डोळे उघडण्याआधी अंथरुणापाशी पोचणारा, स्वयंपाकघरात आई उठली आहे असं सांगणारा वास.