इन्ट्रेपिड : तारेचा पत्ता आणि दंतकथा

विल्यम स्टीफन्सन (१८९७–१९८९) हे कॅनेडियन वैमानिक हेरगिरीच्या इतिहासात 'इन्ट्रेपिड', म्हणजे 'निर्भय', या नावाने ओळखले जात असले, तरी हे नाव मुळात त्यांचे नसून न्यूयॉर्कमधील त्यांच्या कचेरीचा तारेचा पत्ता होता. पत्त्याचे असे टोपणनाव होता होता त्यांच्या खऱ्या कामावरही दंतकथेची पुटे चढली.

विनिपेग येथे आइसलँडी आईच्या पोटी जन्मलेले आणि दुसऱ्या कुटुंबात वाढलेले स्टीफन्सन पहिल्या महायुद्धात पायदळातून हवाई दलात आले व १९१८ मध्ये ७३ व्या स्क्वाड्रनमध्ये 'सॉपविथ कॅमल' हे एकआसनी लढाऊ विमान चालवू लागले. या विमानाचे इंजिन पंख्याबरोबर स्वतःही गरगर फिरत असल्याने ते उजवीकडे झटकन वळे, त्या वेळी त्याचे नाक खाली झुके, आणि हात बसलेला नसेल तर जमिनीलगत तेवढी चूकही जीवावर बेते. अशा विमानातून बारा हवाई विजय मिळवणाऱ्या स्टीफन्सन यांना 'मिलिटरी क्रॉस' आणि 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' ही शौर्यपदके लाभली. २८ जुलै १९१८ रोजी त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांचे युद्धकैदी झाले.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, ते ब्रिटनच्या हेरगिरीच्या कामासाठी न्यूयॉर्कला आले, तेव्हा अमेरिका तटस्थ होती. रॉकफेलर सेंटरमधील त्यांच्या 'ब्रिटिश सिक्युरिटी को-ऑर्डिनेशन' या संघटनेकडे जर्मन हेरांचा माग काढण्यापासून अमेरिकी लोकमत ब्रिटनकडे वळवण्यापर्यंतची कामे होती. त्यांतील सर्वांत फलदायी काम बंदुकीचे नव्हे, तर कागदाचे होते. अमेरिका आणि युरोप यांच्या दरम्यान उडणाऱ्या सागरी विमानांची टपाल बर्म्युडा बेटावर उतरवली जाई आणि तेथील 'प्रिन्सेस' हॉटेलात ब्रिटिश सेन्सॉर खात्याचे कर्मचारी, ज्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, लिफाफे माग न ठेवता उघडून, अदृश्य शाईची परीक्षा करून, पुन्हा जसेच्या तसे चिकटवीत. 'जो के' अशा सहीची पत्रे त्यांनी चिकाटीने वेचून काढली नसती, तर १९४१ मध्ये कुर्ट लुडविगचे जर्मन हेरजाळे उघडकीस येणे कठीण होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, म्हणजे पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याच्या आदल्या दिवशी, ओन्टारियो सरोवराकाठी या संघटनेचे गुप्त प्रशिक्षण केंद्र 'कॅम्प एक्स' सुरू झाले.

या पत्रतपासनिसांचे श्रम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि अफाट खपलेल्या स्टीफन्सन-चरित्राने झाकोळून टाकले. त्यातील अनेक दावे इतिहासकारांनी पुढे खोडून काढले, हे योग्यच झाले, परंतु त्या खंडनाच्या भरात संघटनेचे प्रत्यक्ष कार्यही संशयास्पद ठरले, हा मात्र अन्याय होता. युद्ध संपता संपता संघटनेने स्वतःच लिहवून घेतलेला आणि मोजक्या प्रतींत बंदिस्त राहिलेला वृत्तान्त १९९८ मध्ये छापला गेला. तोही स्वपक्षाचाच असल्याने त्यातील प्रत्येक विधान अमेरिकी व ब्रिटिश दप्तरांशी ताडून पाहावे लागते.