मेडशीच्या पठारावरील मातीचे बांध

अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशीमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर मेडशी लागते, तेव्हा वाटसरू पयनघाट, म्हणजे घाटाखालचा सखल भाग, मागे टाकून वऱ्हाडच्या बालाघाटात आलेला असतो. या पठारावरचा पाऊस उत्तरेस उतरला तर पूर्णा-तापीच्या मार्गाने अरबी समुद्रास आणि दक्षिणेस वळला तर पैनगंगा-गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळतो. बाहेरून मात्र येथे कोणतीही मोठी नदी पाणी घेऊन येत नाही. अडेल तेवढेच आपले.

1853 साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि सरकारदप्तरी त्याची ओळख ठरली ती कापसाचा प्रांत म्हणून. काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते, तेव्हा पाटबंधाऱ्यांवर पैसा कशास घालावा, असाच धोरणाचा एकंदर रोख राहिला. महसुलाच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. परंतु जमिनीतली ओल माणसांना आणि गुरांना पिता येत नाही, हे 1899-1900 च्या दुष्काळाने निष्ठुरपणे दाखवून दिले. पाण्याची सोय आधी शहरांची झाली. अकोल्यास पूर्वी पाणी पुरवणारा कापशी तलाव याच रस्त्यावरचा. पुढे चंद्रभागेवरील एकबुर्जी धरणाचे पाणी वाशीमला मिळू लागले. खेड्यांची पाळी सर्वांत शेवटी आली: 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, 1972 च्या अवर्षणात मजुरांच्या हातांना काम देणे भाग पडले, आणि महाराष्ट्रभर पाझर तलावांची व लहान मातीच्या बांधांची कामे निघाली.

असा बांध दिसतो तितका भोळा नसतो. मुरमातून पाणी निसटते, म्हणून आधी कठीण थरापर्यंत चर खणून तो चिकणमातीने ठासून भरावा लागतो. त्यावर काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांस मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूस दगडांचे पिचिंग, पायथ्याशी झिरपा निर्धोकपणे बाहेर काढणारा दगडी थर आणि एका टोकास सांडवा. सांडवा अपुरा पडून माथ्यावरून पाणी वाहिले, की बांध गेलाच. जी काळी माती दाखवून सरकारने तलाव नाकारले, तीच येथे पाणी अडवते, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

भंडाऱ्याकडे मालगुजारांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलाव बांधले आणि धानाच्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या सांभाळले. वऱ्हाड रयतवारीचा; येथे ना मालगुजार, ना तलाव राखण्याचा वंशपरंपरागत मान. त्यामुळे मेडशीच्या परिसरातील बांधांची राखण सरकारी खात्याकडे गेली, आणि बांधावर उगवलेली बाभूळ तिच्या मुळांनी गाभ्यात वाट काढण्याआधी तोडायची कोणी, हा प्रश्न दर पावसाळ्यापूर्वी नव्याने सोडवावा लागतो.