डाळीच्या डब्यातल्या नोटा

आजी गेली त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तुरीच्या डाळीच्या डब्यात चार नोटा सापडल्या. पाचशेच्या, जुन्या. कडुनिंबाच्या पाल्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री त्या बाद झाल्या होत्या आणि बँकेत भरायची मुदत त्याच वर्षी ३० डिसेंबरला संपली होती. आजीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण नोटा बदलायला द्यायच्या, तर आपल्याजवळ पैसे आहेत हे घरात सांगावं लागलं असतं.

"मायनं एका शब्दानं सांगतलं असतं, तं म्या भरून आणले असते," बाबा म्हणाले. मग तो डबा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

लपवलेल्या धनाचा इतिहास मी वाचायला लागलो तो या डब्यापासून. आपल्याकडे या विषयावर बोलायला सुरुवात केली की पहिल्यांदा नाग येतो, मग पायाळू माणूस येतो. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे आमच्याकडे अजूनही सांगतात. खरी धनं मात्र बहुतेक वेळा काहीच न शोधणाऱ्या माणसाला सापडली आहेत. नांगरताना, पाया खणताना, नाहीतर भिंत पाडताना.

याचं कारण सोपं आहे. बँक नव्हती तेव्हा जमीन हीच तिजोरी होती. चुलीखाली, भिंतीच्या कोनाड्यात, धान्याच्या पेवात लोक पैसा ठेवत. मडकं पुरणारा माणूस ते परत काढायच्या हिशेबानंच पुरायचा. आज आपल्याला सापडतं ते मडकं म्हणजे ज्याचा मालक परत आलाच नाही, असं मडकं. लढाई, लूट, दुष्काळ, साथ, किंवा आजीसारखं न सांगताच जाणं.

गावाची जमीन दोन प्रकारची: काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणसं राहतात. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचत जाते आणि वस्तीची जागा पांढरट होते, उंच होते. धाब्याच्या घरावर टाकायला, शेताला खत म्हणून लोक ती पांढरी खणून नेतात. तिच्यातून खापरं निघतात, मणी निघतात, कधी एखादं नाणंही निघतं. झारेकरी तर यावरच पोट भरत आले. सराफांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन ते सोन्याचे कण काढतात. जुन्या गावांच्या नदीपात्रांतली वाळू धुताना त्यांच्या हाती जुनी नाणीही लागली आहेत.

माझं गाव भातकुली, अमरावतीपासून जवळच. रुक्मिणीहरणाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते; तिच्या भावाचं पुढे काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. कृष्णाला हरवल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी रुक्मीची प्रतिज्ञा होती. तो हरला, आणि परत न जाता त्यानं भोजकट नावाचं नगर वसवलं. हे भोजकट म्हणजे आजचं भातकुली, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

ही झाली पुराणकथा. पण भोजकट हे नाव एका खऱ्याखुऱ्या वस्तूवरही कोरलेलं आहे, आणि ती वस्तू शेतात सापडली.

साधारण १८६८ साली, अचलपूरजवळच्या चमक गावात शेत नांगरताना तांब्याचे सात पत्रे निघाले. ते एका लष्करी मेजरच्या हाती पोचले आणि पुढे जॉन फेथफुल फ्लीटनं १८८८ साली गुप्तकाळातल्या लेखांच्या आपल्या ग्रंथात ते वाचून छापले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं ते दानपत्र होतं, पाचव्या शतकातलं. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्यानं भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं होतं. चर्मांक म्हणजेच चमक. ज्या गावाचं दानपत्र, ते त्याच गावच्या मातीत पडून होतं.

गावाबरोबर काय काय दिलं, याची यादी त्या पत्र्यांवर आहे. तीत दोन शब्द येतात: सनिधि आणि सोपनिधि. म्हणजे या गावच्या जमिनीत पुरलेलं धन आणि ठेवी, त्यांच्यावरचा हक्कही दिला. एरवी असं धन राजाचं समजलं जाई; इथे राजानं ते सोडून दिलं होतं. 'जमिनीत सापडलेलं कुणाचं?' हा प्रश्न वऱ्हाडात निदान पंधराशे वर्षं जुना आहे. आणि त्याचं उत्तर ज्याच्यावर कोरलं, ती वस्तू स्वतःच पुरलेलं धन झाली.

तो शेतकरी ते पत्रे तांबटाकडे घेऊन गेला असता तर? एखादा हंडा झाला असता. चांगला टिकाऊ हंडा. आणि भोजकट राज्य, चर्मांक, मधुनदी ही तिन्ही नावं त्या हंड्यात विरघळून गेली असती.

अशीच गोष्ट तऱ्हाळ्याची. मंगरूळपीरजवळचं हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीममध्ये आहे. १९३९ साली तिथे सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी एकत्र सापडली. सोनं नाही, चांदीही नाही. पोटिन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. वा. वि. मिराशींनी १९४० साली त्यांच्याबद्दल लिहिलं. पुराणांत सातवाहन राजांच्या याद्या आहेत. त्या याद्यांतल्या विजय राजाला या नाण्यांनी दुजोरा दिला. पण कुंभ, कर्ण आणि शक हे तीन सातकर्णी पुराणांत कुठेच नव्हते. ते फक्त या ढिगाऱ्यात होते.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्यानं आपल्या नावानं चालवला होता. यातलं एकच नाणं सापडलं असतं, तर तो अपवाद वाटला असता. सगळा ढीग एकत्र राहिला, म्हणून त्यातून एका युद्धाचा निकाल वाचता आला.

आजही जमिनीत काही सापडलं तर त्याला १८७८चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते चौकशी करतात. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेलं असेल आणि त्याच्या वारसानं ते सिद्ध केलं, तर धन वारसाचं. नाहीतर, वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला ते हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येतं. लपवलं तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

'सापडलं की सरकार सगळं घेऊन जातं' ही समजूत म्हणून खरी नाही. पण कायद्याची एक बाजू दुबळी आहे. तो मोजतो धातू. तऱ्हाळ्याच्या नाण्यांची धातू म्हणून किंमत ती किती? आज असा ढीग सापडला तर भंगारवाल्याच्या काट्यावर त्याचे मिळतील तेवढेच पैसे. भीती, कटकट आणि वर मिळकत थोडी. मग लोक वाटून घेतात, वितळवतात, गुपचूप विकतात.

दुसरीकडे, नसलेल्या धनासाठी रात्री खड्डे खणले जातात. मांत्रिक येतो, लिंबू येतात, आणि काही वेळा नरबळीपर्यंत गोष्ट जाते. २०१३च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावानं होणाऱ्या अघोरी कृत्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, यावरूनच काय ते समजावं.

तुमच्या घराच्या पायात किंवा शेतात कधी काही सापडलं, तर घासू नका, धुऊ नका, वाटू नका. मोबाइल हातात असतोच. आहे त्या जागी, आहे तसे फोटो काढा. कुठे, किती खोल, कशात होतं ते लिहून ठेवा आणि कळवा. एकटं नाणं फार थोडं बोलतं. सोबतची नाणी, मडकं आणि जागा मिळून ते कुणाचं, कधीचं हे सांगतात.

आजीच्या नोटांचं काय करायचं, यावर घरात थोडी चर्चा झाली. अशा जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. आई म्हणाली, देवाजवळ ठेव. मी त्या एका पाकिटात घातल्या. वर आजीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं: तुरीच्या डाळीचा डबा, कडुनिंबाच्या पाल्याखाली.