मुक्तहस्त यंत्र-क्विल्टिंगमधील दोऱ्याचा ताण

मुक्तहस्त यंत्र-क्विल्टिंग हा शिवणयंत्रावर कापडाचे थर एकत्र शिवण्याचा एक प्रकार आहे. यात वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर असे तीन थर असतात. यंत्राचे कापड सरकवणारे दाते खाली उतरवतात किंवा पट्टीने झाकतात आणि शिवणारी व्यक्ती दोन्ही हातांनी कापड हव्या त्या दिशेला फिरवते. चित्रकलेतील मुक्तहस्त चित्राप्रमाणे येथे वेली, वलये, पाने अशा आकृती आखणीशिवाय काढता येतात. मात्र दात्यांचे नियंत्रण सुटल्यामुळे वरचा आणि खालचा दोरा यांच्या ताणाचा तोल सहज बिघडतो. या प्रकारच्या कामात सर्वाधिक तक्रारी ताणाच्याच असतात. तरीही दोष पुष्कळदा ताणाच्या नटात नसून सुई, दोरा ओवण्याची रीत किंवा हातांचा वेग यांत असतो.

पार्श्वभूमी

घरगुती शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. अमेरिकेत एलायस हाउ यांना १८४६ मध्ये अशा दुदोरी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. पुढे ॲलन विल्सन यांनी फिरता हुक आणि कापड सरकवणाऱ्या दात्यांची चौगती रचना आणली. आजच्या यंत्रांचे मूळ या रचनांत आहे. दाते निष्क्रिय करून कापड हाताने फिरवण्याची पद्धत यंत्रावरील भरतकामात व रफू करण्यात आधीपासून रूढ होती. भारतातही अनेक कारागीर कापड गोल रिंगेत ताणून पायाच्या यंत्रावर असे भरतकाम करतात. क्विल्टिंगमध्ये मात्र यंत्रावरचे काम दीर्घकाळ हातकामापेक्षा दुय्यम मानले गेले. १९८९ मध्ये कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २ : सोलर एक्लिप्स’ या यंत्रावर क्विल्ट केलेल्या कलाकृतीला अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या केंटकी राज्यातील पडूका येथील प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरवण्यात आले. यंत्रावरील क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळाला.

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ परंपरेने हाताने धावदोरा घालून शिवली जाते. धावदोऱ्यात दोरा एकच असल्याने त्याचा ताण शिवणारीच्या बोटांत असतो. यंत्रावर दोन दोरे परस्परांना ओढतात, म्हणून तेथे ताणाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो.

ताण कसा निर्माण होतो

वरचा दोरा रिळावरून निघून दोन चकत्यांच्या मधून जातो. या चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात व नट फिरवून तो दाब कमी-अधिक करता येतो. खालचा दोरा बॉबिन केसवरील पातळ पोलादी पट्टीखालून बाहेर येतो. त्या पट्टीचा दाब लहान स्क्रूने बदलतो. सुई खाली जाऊन किंचित वर येताना वरच्या दोऱ्याचा फास तयार होतो. हुक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि टेक-अप लिव्हर दोरा वर ओढून टाका घट्ट करतो. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्यास दोऱ्यांची गुंफण भरणाच्या मध्यभागी लपते. ज्या दोऱ्याची ओढ अधिक, त्याच्या बाजूला ही गुंफण सरकते.

नेहमीच्या शिलाईत सुई कापडाबाहेर असतानाच दाते कापड पुढे नेतात. मुक्तहस्त कामात हात थांबत नाहीत. सुई कापडात रुतलेली असतानाही कापड सरकते, त्यामुळे सुई वाकते आणि दोरा तिरका ओढला जातो. सरळ शिलाईसाठी योग्य असलेला ताण येथे अपुरा किंवा जास्त ठरतो, त्याचे कारण हेच होय.

दोषांची लक्षणे

तपासणीच्या तुकड्यावर वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या रंगाचा, पण एकाच जाडीचा दोरा वापरल्यास दोष चटकन ओळखता येतो.

• वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसणे : वरचा ताण जास्त आहे, खालचा कमी आहे किंवा बॉबिनचा दोरा पट्टीखाली बसलेला नाही.

• खालचा दोरा अस्तरावर तारेसारखा सरळ पडणे : वरचा ताण कमी आहे. असा दोरा एका टोकाला ओढल्यास पूर्ण ओळ सुटून येते.

• केवळ वळणांवर, अस्तराच्या बाजूला पापणीच्या केसांसारखे फास दिसणे : वळण घेताना हात यंत्रापेक्षा वेगाने फिरले आहेत. वरचा ताण थोडा कमी असल्यास हा दोष वाढतो.

• आरंभीच खाली दोऱ्याचा गुंता होणे : वरचा दोरा चकत्यांमध्ये बसलेला नाही, प्रेसर फूट खाली घेतलेले नाही किंवा दोऱ्याची टोके धरलेली नाहीत.

• वरचा दोरा पिंजणे व तुटणे : सुई बोथट झाली आहे, दोऱ्याच्या मानाने सुईचे नेढे लहान आहे किंवा वरचा ताण फार जास्त आहे.

• टाके सुटणे : सुई वाकडी आहे, उलटी बसवली आहे किंवा कापडाच्या ओढीमुळे हुकाला फास सापडत नाही.

प्रेसर फूटविषयी होणारी चूक विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक यंत्रांत फूट वर असताना चकत्या सैल होतात आणि फूट खाली येताच दाब सुरू होतो. म्हणून दोरा नेहमी फूट वर ठेवून ओवावा आणि शिवताना फूट खाली घ्यावे. मुक्तहस्त कामाचे फूट खाली घेतल्यावरही कापडापासून किंचित अधांतरी राहते, त्यामुळे ते खाली घेण्याचे राहून गेले तरी सहज ध्यानात येत नाही.

दोषनिवारणाचा क्रम

ताणाच्या नटाला हात लावण्यापूर्वी साधी कारणे दूर करणे श्रेयस्कर असते. अनेक दोष पहिल्या चार पायऱ्यांतच नाहीसे होतात.

१. वरचा दोरा पूर्ण काढून, फूट वर ठेवून पुन्हा ओवावा. त्यानंतर फूट खाली घेऊन दोरा ओढून पाहावा. स्पष्ट अडसर जाणवला तर दोरा चकत्यांत बसला आहे.

२. नवी सुई लावावी. सुईच्या क्रमांकातील मोठा आकडा तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ९०/१४ क्रमांकाची सुई ०.९ मिलिमीटर जाड असते. दोऱ्याच्या वजनाचा क्रमांक उलट चालतो. ५० क्रमांकाचा दोरा ४० क्रमांकाच्या दोऱ्यापेक्षा बारीक असतो. बारीक दोऱ्याला ७५/११ किंवा ८०/१२ आणि जाड दोऱ्याला ९०/१४ क्रमांकाची सुई सामान्यतः चालते.

३. बॉबिन केस काढून हुकाभोवतीचा कापूस व तंतू मऊ ब्रशने झाडावेत. पट्टीखाली अडकलेला एखादा तंतूही खालचा ताण घालवतो. जेथे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितले असेल तेथेच तेल द्यावे.

४. बॉबिन त्याच यंत्रासाठी बनवलेले आहे याची खात्री करावी आणि त्यावर दोरा एकसारखा, ना सैल ना दाटून, भरावा.

५. प्रत्यक्ष कामात आहे तेच कापड, भरण व अस्तर घेऊन लहानसा नमुना तयार करावा. त्यावर सरळ रेषा, वलये व टोकदार वळणे शिवून दोन्ही बाजू पाहाव्यात.

६. मग वरचा ताण अर्ध्या आकड्याने बदलून प्रत्येक वेळी नवी ओळ शिवावी. वर ठिपके दिसत असतील तर ताण कमी करावा, खाली दोरा सरळ पडत असेल तर वाढवावा. आकडे नसलेल्या जुन्या काळ्या यंत्रांत नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास ताण वाढतो.

७. इतके करूनही तोल साधला नाही तरच बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावावा. स्क्रूची मूळ स्थिती आधी टिपून ठेवावी आणि एका वेळी एक-अष्टमांश फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

सुट्या बॉबिन केसचा ताण पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला लटकवावी. ती स्वतःच्या वजनाने घसरू नये, पण हाताला हलका झटका दिल्यास काही सेंटिमीटर खाली येऊन थांबावी. एकदम खाली आली तर पट्टी सैल आहे. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट आहे.

हातांचा वेग आणि कापडाचा भार

दाते निष्क्रिय असल्याने टाक्याची लांबी यंत्राच्या गतीवर आणि हातांच्या वेगावर अवलंबून असते. यंत्र मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० टाके पडतात. अडीच मिलिमीटरचा टाका हवा असल्यास कापड सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच सरकले पाहिजे. वळणावर हात नकळत वेग घेतात, टाके लांबतात आणि दोरा आडवा ओढला जाऊन मागे फास पडतात. अशा वेळी ताण बदलण्याऐवजी हात संथ ठेवणे हाच उपाय असतो. काही आधुनिक यंत्रांत कापडाची हालचाल ओळखून टाक्याची लांबी सारखी राखणारे संवेदक असतात. मात्र दोऱ्यांचा तोल शिवणाऱ्यालाच साधावा लागतो.

मोठी क्विल्ट टेबलाखाली लोंबत असल्यास तिचे वजन सुई ओढते आणि ताण ठीक असूनही टाके बिघडतात. म्हणून यंत्राच्या डाव्या व मागच्या बाजूला टेबल किंवा खुर्ची लावून कापडाचा भार पेलावा.

कामाचा आरंभ व तपासणी

आरंभी हातचाक फिरवून एक टाका घ्यावा, खालचा दोरा वर काढावा आणि पहिले काही टाके पडेपर्यंत दोन्ही टोके धरून ठेवावीत. शेवटी अगदी बारीक टाके घालून दोरा पक्का करावा. बॉबिन किंवा दोऱ्याचा रंग बदलल्यावर नमुन्यावर पुन्हा एक ओळ शिवून पाहणे उपयुक्त ठरते, कारण एकाच जाडीचे दोन दोरेही चकत्यांमधून सारख्या सुलभतेने सरकतातच असे नाही.

ताणाचा दोष अस्तराच्या बाजूला असल्याने शिवताना तो दिसत नाही. वेळीच न पाहिल्यास कित्येक तासांचे काम उसवावे लागते, आणि दाट टाके उसवताना कापडालाही इजा होते. दुर्लक्षित राहिलेले सैल फास वापरात बोटांत, बांगड्यांत अडकतात व धुण्यात ओढले जाऊन ओळी सुटतात. यास्तव पहिले काही सेंटिमीटर शिवल्यावर आणि त्यानंतर प्रत्येक बॉबिन भरताना क्विल्ट उलटून पाहण्याची सवय या कामात आवश्यक मानली जाते.