चालातेनांगोच्या मातीत

परदेशातील धर्मकार्याचा विषय निघाला की आम्हा मराठी ख्रिस्ती जनांना वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होते. १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण अर्पण केले. परंतु रक्तसाक्ष्याचा तो काळ कधीच मागे पडला, अशी आपली समजूत असेल तर ती बरोबर नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाचा इतिहास त्याची ग्वाही देतो.

या देशात कॉफीचे मळे मोजक्या घराण्यांच्या हाती होते आणि त्यांवर राबणारा शेतमजूर बव्हंशी भूमिहीन होता. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांची परिषद भरली व तिने गरिबांच्या बाजूने उभे राहण्याचा मार्ग पत्करला. त्यानंतर खेड्यापाड्यांत पवित्र शास्त्र वाचणारे लहान लहान गट उभे राहिले. शेतमजुरांना आपल्या मोलाची जाणीव होऊ लागली. जमीनदारांना व लष्कराला हा राजद्रोह वाटला. १२ मार्च १९७७ रोजी मिस्सा अर्पण करण्यास निघालेले येशूसंघीय फादर रुतिलियो ग्रांदे यांना, सोबतच्या एका वृद्धासह व एका मुलासह, वाटेत गोळ्या घालण्यात आल्या. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मिस्सा अर्पण करीत असताना वेदीपाशीच धारातीर्थी पडले. देश यादवी युद्धात लोटला गेला.

अशा वेळी शहाणा मनुष्य देश सोडतो. काही भगिनी मात्र त्या देशात आल्या. मेरीनोल संघाच्या इटा फोर्ड व कार्ला पिएट या चिलीतील वस्त्यांतून १९८० साली एल साल्वादोरमध्ये दाखल झाल्या व चालातेनांगो येथे निर्वासितांची सेवा करू लागल्या. २३ ऑगस्टच्या रात्री नदीच्या लोंढ्यात त्यांची जीप सापडली. कार्लाने इटाला खिडकीतून बाहेर ढकलले आणि स्वतः जलसमाधी घेतली. तिची जागा घेण्यास मोरा क्लार्क पुढे आल्या. त्यांच्या गाठीशी निकाराग्वातील गरिबांमध्ये घालवलेल्या अनेक वर्षांचा अनुभव होता.

समुद्रकाठच्या ला लिबेर्ताद येथे अमेरिकेतील क्लीव्हलँड धर्मप्रांताचे मिशन होते. तेथे उर्सुलाइन भगिनी डोरथी केझल व सत्तावीस वर्षांची प्रापंचिक सेविका जीन डोनोव्हन काम करीत. जीन चांगली नोकरी सोडून आली होती. देश सोडण्याचा विचार तिच्या मनात अनेकदा आला. पण तेथील पोरक्या लेकरांना टाकून जाण्यास मन धजेना, असे तिने मित्राला पत्रातून कळवले होते. मोटारीतून धान्य व औषधे पोहोचवावीत, गोळीबारातून निसटलेल्या बायामुलांना आसऱ्याच्या जागी न्यावे, हे त्यांचे नित्याचे काम होते.

२ डिसेंबर १९८० रोजी निकाराग्वाहून परतणाऱ्या इटा व मोरा यांना आणण्यासाठी डोरथी व जीन विमानतळावर गेल्या. परतीच्या वाटेवर नॅशनल गार्डच्या पाच जवानांनी गाडी अडवली, त्यांच्यावर अत्याचार केले आणि चौघींना ठार मारले. ४ डिसेंबरला उथळ खड्ड्यातून त्यांचे देह वर काढण्यात आले.

अमेरिकेच्या जीन कर्कपॅट्रिक त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघातील राजदूतपदाची सूत्रे हाती घेण्याच्या बेतात होत्या. या स्त्रिया केवळ धर्मभगिनी नसून राजकीय कार्यकर्त्या होत्या, असे त्यांनी म्हटले. हा आरोप आम्हाला नवा नाही. उपाशी माणसाला जेवू घालणे हेच जेथे सत्तेला सलते, तेथे दयेची कोणतीही कृती राजकारण ठरते. त्या चौघींच्या गाडीत शस्त्रे नव्हती.

न्याय कूर्मगतीने आला. १९८४ साली पाच जवानांना तीस वर्षांची शिक्षा झाली. १९९२ च्या शांतता करारानंतर नेमलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली सांगितले की, हत्या पूर्वनियोजित होती व वरिष्ठांनी ती दडपली. तेव्हाचे संरक्षणमंत्री व नॅशनल गार्डचे प्रमुख पुढे फ्लोरिडात सुखाने राहत होते. अमेरिकेने त्यांची मायदेशी रवानगी केली, ती २०१५ व २०१६ साली. आर्चबिशप रोमेरो यांना २०१८ साली संतपद मिळाले व फादर ग्रांदे २०२२ साली धन्यवादित घोषित झाले.

डोरथी व जीन यांचे देह अमेरिकेला नेण्यात आले. मेरीनोल भगिनींचा रिवाज वेगळा आहे. ज्या लोकांत सेवा केली, त्यांच्याच भूमीत विसावा घ्यायचा. म्हणून इटा व मोरा चालातेनांगो येथे, कार्लाच्या सान्निध्यात, मातीआड झाल्या. मिशन रविवारी आपण दानपेटीत पैसे टाकतो, ते चांगलेच आहे. पण ज्यांच्याकडे आपण जातो त्यांच्यातलेच एक होऊन राहणे, संकटकाळीही तेथून न निघणे, हा मिशन या शब्दाचा पुरा अर्थ आहे. तो या तीन कबरींपाशी कळतो. आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्याच्या, बेघराच्या दारी जाण्यास तर समुद्रही ओलांडावा लागत नाही.