मधली रेघ

आमच्या भागात ‘गार्ड’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रेल्वेचा गार्ड : शेवटच्या डब्यात बसणारा, हिरवे-तांबडे निशाण दाखवणारा. त्याच्या इशाऱ्यावाचून गाडी हलत नाही. पण प्रवाशांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. बास्केटबॉलमधल्या गार्डचेही पुष्कळसे असेच आहे. उंच खेळाडू कड्याखाली उभा राहून चेंडू आत टाकतो आणि टाळ्या घेतो. तो चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून टप्पे देत आणणारा, कोणाला केव्हा द्यायचा हे ठरवणारा आणि समोरच्यांची चाल आधी ओळखणारा गार्ड मात्र प्रेक्षकांच्या नजरेत उशिरा भरतो. खेळ चालवतो तो, नाव होते दुसऱ्याचे.

अशाच एका गार्डची कारकीर्द मला येथे सांगायची आहे. तिचे नाव टेरेसा एडवर्ड्स. ती अमेरिकेची. १९८४ ते २००० या काळात ती पाच ऑलिंपिक खेळली आणि तिने चार सुवर्णपदके व एक कांस्यपदक मिळवले. अमेरिकेकडून पाच ऑलिंपिक खेळणारी ती पहिली बास्केटबॉलपटू. पुरुषांतही तोवर हे कोणाला जमले नव्हते. पण पदकांची यादी हा या लेखाचा विषय नव्हे. एवढ्या योग्यतेच्या खेळाडूला ऐन उमेदीची वर्षे देशाबाहेर का काढावी लागली, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की तिच्या जन्मापूर्वी सत्तर वर्षे मागे, मैदानावर आखलेल्या एका रेघेपाशी जावे लागते.

डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने मॅसेच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी हा खेळ शोधून काढला. जवळच नॉर्थॅम्प्टनला मुलींचे स्मिथ कॉलेज होते. तेथील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो लगेच उचलला आणि मार्च १८९३ मध्ये दोन वर्गांतल्या मुलींचा सामना लावला. तो पाहायला पुरुषांना मज्जाव होता. मुलींना धाप लागू नये, धक्काबुक्की होऊ नये, म्हणून बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि जिने जेथे उभे राहायचे तिने तेथेच राहायचे असे ठरवले. कोणाच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही, असाही नियम केला. त्या काळी मुलींनी मैदानात उतरणेच अनेकांना मंजूर नव्हते. बाईंनी ही बंधने घातली म्हणूनच खेळाला परवानगी मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण परवानगीसाठी आखलेली रेघ पुढे कितीतरी वर्षे पुसली गेली नाही.

पुढे तीन भागांचे दोन झाले आणि एका संघात सहा मुली आल्या : तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. फॉरवर्डनी एका अर्ध्यात राहून गुण करायचे, गार्डनी दुसऱ्या अर्ध्यात राहून अडवायचे. मधली रेघ कोणीच ओलांडायची नाही. याचा अर्थ असा, की गार्ड म्हणून खेळणारी मुलगी शाळा-कॉलेजातली सगळी वर्षे बास्केटवर एकदाही नेम न धरता काढू शके. चेंडू अडवला, रेघेपर्यंत आणला, पलीकडच्या मैत्रिणीच्या हाती दिला की तिचे काम संपले. महाविद्यालयीन पातळीवर पाच जणींनी पूर्ण मैदानावर खेळण्याचा नियम १९७१ साली आला. आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता आणि तो पाहायला गावेच्या गावे लोटत.

टेरेसाचा जन्म १९ जुलै १९६४ चा, जॉर्जिया राज्यातल्या केरो या लहानशा गावचा. गावाचे नाव इजिप्तच्या राजधानीवरून पडलेले. अमेरिकेत उच्चार मात्र असा. याच गावी १९१९ मध्ये जॅकी रॉबिन्सनचा जन्म झाला होता. १९४७ साली गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलचा दरवाजा उघडणारा कृष्णवर्णीय खेळाडू तो हाच. टेरेसाही कृष्णवर्णीय. वर्णाची आणि स्त्रीत्वाची अशा दोन रेघा तिच्यापुढे होत्या.

ती आठ वर्षांची होत असताना, जून १९७२ मध्ये, एक कायदा झाला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेद करू नये, एवढेच त्यात म्हटले होते. पण त्यामुळे कॉलेजांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या यांची तजवीज करावी लागली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल प्रथमच आला. १९८२ मध्ये कॉलेजांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा मुलींसाठीही सुरू झाली आणि त्याच वर्षी टेरेसा जॉर्जिया विद्यापीठात दाखल झाली. अँडी लँडर्स हे तिचे प्रशिक्षक. १९८३ आणि १९८५ अशी दोनदा तिच्या संघाने शेवटच्या चारांत मजल मारली. १९८५ मध्ये तर अंतिम सामना गाठला. मधल्या वर्षी, लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पॅट समिट यांनी निवडलेल्या संघात वीस वर्षांची टेरेसा सर्वांत लहान होती. अंतिम सामन्यात अमेरिकेने दक्षिण कोरियाला ८५-५५ असे हरवले. विद्यार्थिनी असतानाच तिच्या गळ्यात सुवर्णपदक पडले.

येथपर्यंतची गोष्ट कायद्याच्या विजयाची आहे. पण कायदा कॉलेजच्या फाटकापर्यंतच पोहोचत होता. १९८६ मध्ये टेरेसाचे कॉलेजचे खेळणे संपले, तेव्हा त्या श्रीमंत देशात तिला पगार देऊन खेळवील अशी एकही टिकाऊ लीग नव्हती. पुरुषांची लीग १९४६ पासून चालू होती. महिलांची एक लीग १९७८ मध्ये निघाली आणि तीन हंगामांत, १९८१ मध्ये, बंद पडली. पुरुष खेळाडू कॉलेज सोडून गुणवत्तेवर लक्षाधीश होत. स्त्री खेळाडूने नोकरी शोधावी, नाहीतर पासपोर्ट काढावा.

टेरेसाने पासपोर्ट काढला. इटली, जपान, स्पेन, फ्रान्स असे तिचे नऊ हंगाम परदेशी गेले. जॉर्जियाच्या संघातली तिची मैत्रीण कॅट्रिना मॅक्लेन हिलाही हीच वाट धरावी लागली. त्या देशांत महिलांच्या लीग होत्या, कारखान्यांचे आणि गावांचे संघ होते, आणि परदेशी खेळाडूला चांगले पैसे मिळत. आता गार्डचे कामच बोलण्याचे, हाका मारण्याचे, इशारे देण्याचे. ते अनोळखी भाषांत, दर दोन-तीन वर्षांनी नव्या सोबतिणींबरोबर करायचे, याला काय लागत असेल याची कल्पना करून पाहावी. आणि तिच्या देशातल्या वर्तमानपत्रांत यातले फारसे काही येत नसे. चार वर्षांतून एकदा ती मायदेशाचा गणवेश घालून दिसे. तेवढीच तिची ओळख. घर एका राज्यात आणि पोटाची सोय दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

१९८८ मध्ये सोलला युगोस्लाव्हियाला ७७-७० असे हरवून अमेरिकेने पुन्हा सुवर्ण मिळवले. १९९२ च्या बार्सिलोनात मात्र उपांत्य सामन्यात माजी सोव्हिएत खेळाडूंच्या संयुक्त संघाने त्यांना ७९-७३ असे हरवले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याच बार्सिलोनात अमेरिकेच्या पुरुषांचा ‘ड्रीम टीम’ जगभर गाजत होता. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलने ११०-१०७ असा धक्का दिला, पुन्हा कांस्य. माझ्या मते या पराभवांचे मूळ मैदानाबाहेर होते. ज्यांच्या खेळाडू चार देशांत विखुरलेल्या, त्यांचा संघ स्पर्धेच्या तोंडावर गोळा करायचा आणि त्याने वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्यांना हरवावे अशी अपेक्षा धरायची, हा हिशेब कधीतरी चुकणारच होता.

तो चुकला, म्हणून वरिष्ठ जागे झाले. पुढचे ऑलिंपिक अटलांटात, घरच्या मैदानावर होते. १९९५ मध्ये प्रथमच वर्षभराचा राष्ट्रीय संघ उभारण्यात आला. खेळाडूंना वर्षाला सुमारे ५० हजार डॉलर ठरले. परदेशात नावाजलेल्या खेळाडूंना याहून पुष्कळ अधिक मिळे, तरी त्या परत आल्या. तारा व्हॅनडरव्हीर यांच्या हाताखाली या संघाने देशोदेशी ५२ सामने खेळून ५२ जिंकले. एकतीस वर्षांची टेरेसा त्यातली सर्वांत अनुभवी.

१९ जुलै १९९६. अटलांटा ऑलिंपिकचा उद्‌घाटन सोहळा. ज्या रात्री मुहम्मद अलींनी थरथरत्या हाताने ज्योत पेटवली, त्याच रात्री सर्व देशांच्या खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान टेरेसा एडवर्ड्सला मिळाला. राज्य तिचेच, जॉर्जिया; आणि तो तिचा बत्तिसावा वाढदिवस होता. त्यानंतरचे आठही सामने जिंकून, अंतिम सामन्यात ब्राझीलला १११-८७ असे नमवून, संघाने सुवर्ण घेतले. साठ सामने, साठ विजय.

या यशाच्या लाटेवर एक सोडून दोन लीग निघाल्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ सुरू झाली. तिचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे खेळाच्या खऱ्या दिवसांत होता. जून १९९७ मध्ये पुरुषांच्या लीगच्या पाठबळावर ‘डब्ल्यूएनबीए’ आली. तिचा हंगाम उन्हाळ्यात, पुरुषांची मैदाने मोकळी असताना. टेरेसाने पहिली निवडली. अटलांटाच्या संघात ती खेळाडूही होती आणि प्रशिक्षकही. पण पैसा आणि दूरदर्शन दुसऱ्या बाजूला होते. अटलांटाचा संघ बंद झाल्यावर ती फिलाडेल्फियाकडे गेली. आणि २२ डिसेंबर १९९८ रोजी, हंगाम अर्ध्यावर असताना, सगळी लीगच दिवाळखोरीत निघाली. डॉन स्टेलीसारख्या गार्ड १९९९ मध्ये डब्ल्यूएनबीएत गेल्या. टेरेसा त्या वर्षी गेली नाही, पुढच्याही नाही. सन २००० मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाला ७६-५४ असे हरवणाऱ्या संघात मात्र ती होती, छत्तीस वर्षांची. डब्ल्यूएनबीएच्या मैदानावर ती उतरली २००३ मध्ये, मिनेसोटाच्या संघातून, अडतिसाव्या वर्षी; दोन हंगाम खेळली आणि थांबली. ज्या दरवाजासाठी तिची पिढी झटली, तो तिच्यासाठी उघडला तेव्हा पायांतले बळ ओसरत आले होते. २०११ मध्ये स्प्रिंगफील्डच्या, म्हणजे या खेळाच्या जन्मगावच्या, कीर्तिमंदिरात तिचा समावेश झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती अमेरिकन पथकाची प्रमुख होती.

तिच्या मागून आलेल्यांची स्थिती सुधारली, पण वाट पुष्कळ काळ तीच राहिली. सू बर्डने पाच आणि डायना तोरासीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून तिचा विक्रम मागे टाकला. दोघीही गार्ड, दोघीही उन्हाळा मायदेशी आणि हिवाळे रशियात काढत, कारण पैसा तिकडे होता. २०१५ चा मायदेशाचा हंगाम तर तोरासीने रशियन संघाच्या पैशावर विश्रांतीत घालवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनी ग्राइनर ही उंच सेंटर खेळाडू अमली पदार्थाच्या आरोपावरून मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. ती तेथे गेली होती रशियन संघाकडून खेळायला. एवढ्या नामवंत बाई हिवाळ्यात तिकडे काय करतात, हा प्रश्न तेव्हा अनेक अमेरिकनांना प्रथमच पडला. टेरेसाने १९८६ मध्येच त्याचे उत्तर दिले होते. कोणी विचारले नव्हते एवढेच.

मार्च २०२४ मध्ये केटलिन क्लार्क या गार्डने कॉलेज-बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतला (डिव्हिजन वन) सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, पुरुषांचाही. तिचे राज्य आयोवा. जेथे १९९३ पर्यंत शाळेतल्या गार्डला रेघ ओलांडायची बंदी होती, तेथलीच ही मुलगी त्या मधल्या रेघेच्या जवळून नेम धरते आणि हजारो लोक तिकिटे काढून पाहायला येतात. तरीही व्यावसायिक म्हणून तिचा पहिल्या वर्षाचा ठरीव पगार सुमारे ७६ हजार डॉलर होता. बाकीची कमाई जाहिरातींची.

खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा पदके आणि गुण मोजतात. टेरेसा एडवर्ड्सच्या बाबतीत त्यांनी परदेशातले ते नऊ हंगामही मोजावेत असे मला वाटते. नियमाच्या पुस्तकातली रेघ १९७१ मध्ये पुसली गेली. पगारपत्रकातली रेघ पुसायला त्यानंतर किती वर्षे लागली आणि ती वर्षे कोणी कोठे काढली, हे त्या नऊ हंगामांत लिहिलेले आहे.