शहरांतील गुन्हेगारीचे आकडे : वाढ गुन्ह्यांची की नोंदींची?

नवी दिल्ली : देशातील १९ महानगरांमध्ये २०२३ या वर्षात भारतीय दंड संहितेखाली ९ लाख ४४ हजार २९१ गुन्हे नोंदवले गेले. २०२२ मध्ये ही संख्या ८ लाख ५३ हजार ४७० होती. म्हणजे एका वर्षात १०.६ टक्क्यांची वाढ झाली. त्याच्या आदल्या वर्षी मात्र हाच आकडा जवळपास तितक्याच प्रमाणात घटला होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (एनसीआरबी) वार्षिक अहवाल आला की ‘सर्वाधिक सुरक्षित’ आणि ‘सर्वाधिक असुरक्षित’ शहरांच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि त्यावरून राजकीय आरोप-प्रत्यारोप सुरू होतात. हा आकडा मुळात पोलीस ठाण्यात झालेल्या नोंदींचा असतो. शहरात प्रत्यक्षात किती गुन्हे घडले, हे त्यावरून थेट कळत नाही. गुन्ह्यांतील वाढ आणि गुन्हे नोंदणीतील वाढ या दोन भिन्न बाबी आहेत, असा इशारा खुद्द एनसीआरबी आपल्या अहवालात देत आली आहे.

आकडे कसे तयार होतात?

‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ पासून प्रसिद्ध होतो. १९८६ मध्ये स्थापन झालेली एनसीआरबी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांच्या पोलीस दलांकडून आलेली माहिती त्यात संकलित करते. महानगरांच्या तक्त्यात २०११ च्या जनगणनेनुसार २० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेली १९ शहरे असून मुंबई, पुणे आणि नागपूर ही महाराष्ट्रातील तीन शहरे त्यांपैकी आहेत.

या मोजणीचा एक नियम सर्वसामान्यांना फारसा ठाऊक नसतो. एकाच प्रथम माहिती अहवालात (एफआयआर) अनेक कलमे लावलेली असली, तरी त्यांपैकी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल, तर त्याची गणना केवळ ‘खून’ या शीर्षाखाली होते. मोजणी फक्त दखलपात्र गुन्ह्यांची होत असल्याने पोलीस ठाण्यात ‘एनसी’ म्हणून नोंदवलेली अदखलपात्र तक्रार गुन्हेगारीच्या दरात येत नाही. मोबाईलची चोरी ‘गहाळ’ म्हणून नोंदवली गेली, तर तीही यातून निसटते.

गुन्हेगारीचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. महानगरांचा दर काढताना २०११ च्या जनगणनेतील नागरी समूहांची लोकसंख्या धरली जाते. त्या जनगणनेत मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख, तर बृहन्मुंबई महापालिका क्षेत्राची १ कोटी २४ लाख होती. कोलकात्यातील तफावत याहून मोठी आहे. तेथे नागरी समूह १ कोटी ४१ लाखांचा, तर महापालिका क्षेत्र सुमारे ४५ लाखांचे होते. गुन्ह्यांच्या नोंदी शहर पोलिसांच्या हद्दीतील आणि लोकसंख्या संपूर्ण समूहाची धरली, तर दर आपोआप कमी दिसतो.

२०२३ मध्ये दखलपात्र गुन्ह्यांचा दर कोलकात्यात ८३.९, हैदराबादेत ३३२.३, पुण्यात ३३७.१ आणि मुंबईत ३५५.४ होता. दिल्लीत तो २,१०५.३, तर कोचीमध्ये ३,१९२.४ होता. कोचीतील नागरिकाला कोलकात्यातील नागरिकाच्या ३८ पट धोका आहे, असा अर्थ यातून काढता येणार नाही. बेदरकार वाहन चालवण्यासारख्या प्रकरणांतही मोठ्या संख्येने गुन्हे दाखल करण्याची केरळ पोलिसांची पद्धत आहे.

दिल्लीचा धडा

नोंदणीच्या पद्धतीचा आकड्यांवर किती परिणाम होतो, हे राजधानीच्या अनुभवातून स्पष्ट होते. दिल्लीत २०१३ मध्ये दंड संहितेखाली ८० हजार १८४ गुन्हे नोंदवले गेले. २०१४ मध्ये ही संख्या १ लाख ५५ हजार ६५४ आणि २०१५ मध्ये १ लाख ९१ हजार ३७७ झाली. याच काळात खुनांची संख्या ५१७ वरून ५७० झाली. एकूण गुन्हे सुमारे अडीचपट झाले असताना खुनांतील वाढ १० टक्क्यांच्या आसपास राहिली.

या दोन वर्षांत बदलली ती प्रामुख्याने नोंदणी. ‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निकाल दिला. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे त्यात स्पष्ट करण्यात आले. २०१५ मध्ये दिल्ली पोलिसांनी वाहनचोरीची तक्रार ऑनलाइन नोंदवण्याची सोय सुरू केली. ठाण्यात हेलपाटे घालण्याची गरज उरली नाही आणि पूर्वी कागदावर न येणाऱ्या चोऱ्या आकडेवारीत दिसू लागल्या.

महिलांवरील अत्याचारांच्या नोंदींतही कायद्यातील बदलांचा वाटा आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर झालेल्या २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली. पाठलाग करणे, चोरून न्याहाळणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले आणि लैंगिक अत्याचाराची तक्रार न नोंदवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली.

खुनाचा आकडा तुलनेने विश्वासार्ह मानला जातो. मृत्यू लपवणे कठीण असते आणि त्याची नोंद तक्रारदाराच्या इच्छेवर अवलंबून नसते. देशात २०१९ मध्ये २८ हजार ९१८ खून नोंदवले गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या २७ हजार ७२१ होती.

टाळेबंदीतील ‘उच्चांक’

२०२० मध्ये देशातील गुन्हेगारीचा दर ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला. त्या वर्षी कित्येक महिने नागरिक घरातच होते. चोरीचे गुन्हे ६ लाख ७५ हजार ९१६ वरून ४ लाख ९३ हजार १७२ पर्यंत घटले होते. तरीही एकूण दर वाढला. त्याचे प्रमुख कारण भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ मध्ये होते. लोकसेवकाच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल २०१९ मध्ये २९ हजार ४६९ गुन्हे दाखल झाले होते. टाळेबंदीच्या वर्षात त्यांची संख्या ६ लाख १२ हजार १७९ झाली. पुढील दोन वर्षे एकूण दर घटला, त्यामागे ही प्रकरणे ओसरणे हेही एक कारण होते.

चोरी खिशातून खात्याकडे

महानगरांतील नोंदींमध्ये सर्वांत मोठा गट आजही चोरीचा आहे. दंड संहितेखालील गुन्ह्यांत त्याचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. सर्वांत वेगाने वाढणारा गुन्हा मात्र सायबर फसवणुकीचा आहे. महानगरांमध्ये सायबर गुन्हे २०२१ मध्ये १७ हजार ११५, २०२२ मध्ये २४ हजार ४२० आणि २०२३ मध्ये ३३ हजार ९५५ इतके नोंदवले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १७ हजार ६३१ गुन्हे एकट्या बंगळूरुमधील होते. सायबर, आर्थिक व अमली पदार्थविषयक गुन्ह्यांसाठी तेथे विभागवार स्वतंत्र पोलीस ठाणी आहेत.

या गुन्ह्यांनी शहराच्या गुन्हेगारीचा भूगोलच बदलला आहे. तक्रारदार पुण्यात किंवा बंगळूरुमध्ये, दूरध्वनी करणारा जामतारा, मेवात किंवा कंबोडिया-म्यानमारमधील अड्ड्यावर आणि पैसे तिसऱ्याच राज्यातील भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात, अशी ही साखळी असते. गुन्हा तक्रारदाराच्या शहराच्या नावावर नोंदवला जातो, पण त्या शहरातील गस्त वाढवून तो रोखता येत नाही.

नोंदणीतील दरीही येथेच सर्वाधिक जाणवते. २०२३ मध्ये देशभरात ८६ हजार ४२० सायबर गुन्हे नोंदवले गेले आणि त्यांतील सुमारे ६९ टक्क्यांमागे फसवणुकीचा हेतू होता. त्याच वर्षी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर १५ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. २०२४ मध्ये त्या २२ लाख ६८ हजारांवर गेल्या. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मधील ७ हजार ४६५ कोटी रुपयांवरून २०२४ मध्ये २२ हजार ८४५ कोटी रुपये झाली. प्रत्येक तक्रार स्वतंत्र गुन्हा ठरत नाही, हे खरे. तरीही पोर्टलवर किंवा १९३० या मदतक्रमांकावर आलेल्या तक्रारींचा केवळ छोटा अंश एफआयआरपर्यंत पोहोचतो. एफआयआर नसेल, तर तपासाची आणि खटल्याची वाट बहुतेकदा बंदच राहते.

पुढील तुलना अवघड

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने जुन्या व नव्या आकड्यांची तुलना अधिक सावधपणे करावी लागेल. वस्तू हिसकावून नेणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते, मात्र तक्रारदाराने तीन दिवसांत स्वाक्षरी करणे आवश्यक आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली, तरी नोंद नाकारता येत नाही.

दुसरीकडे, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या ऐवजाची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा ठेवण्यात आली आहे. अशी किरकोळ चोरी नव्या अनुसूचीत अदखलपात्र आहे. चोऱ्या तितक्याच राहूनही आकडेवारीत घट दिसण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली आहे. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही पोलिसांना मिळाली आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८० च्या दशकापासून नागरिकांना थेट विचारून गुन्ह्यांचा अंदाज घेतला जातो. भारतात अशी नियमित राष्ट्रीय पाहणी होत नाही. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, बंगळूरु आणि चेन्नई या शहरांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. चोरीचा फटका बसलेल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांच्या तक्रारीचे एफआयआरमध्ये रूपांतर झाल्याचे त्यात आढळले होते.

२०२३ चा अहवाल २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस प्रसिद्ध झाला. या विलंबामुळे पोलीस ठाणी, मनुष्यबळ आणि निधी यांचे नियोजन जुन्या चित्रावर आधारले जाते. कमी आकडा हेच यशाचे माप मानले गेले, तर ठाणे अंमलदाराला तक्रार परतवून लावणेच सोयीचे ठरते आणि प्रामाणिक नोंद करणारे शहर ‘असुरक्षित’ म्हणून यादीत वर जाते. त्यामुळे शहरांची तुलना करताना एकूण दरापेक्षा खून, जबरी चोरी, वाहनचोरी आणि सायबर फसवणूक यांचे आकडे स्वतंत्रपणे पाहणे आणि एकाच शहराचा अनेक वर्षांचा कल तपासणे अधिक उपयुक्त ठरते.